रूममेटच्या शंका आणि तुझा तास

बार्शी, रविवार

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन ठेवता ठेवता जे बोललास, त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले. अहमदपूरचा तुझा रूममेट रोज रात्री इंटिग्रेशनच्या शंका घेऊन येतो, त्यात तुझा तास जातो, आणि क्लासमधली काही मुलं सांगतात की कॉम्पिटिशनमध्ये असं दुसऱ्याला शिकवत बसायचं नसतं. विचारलंस हे बरं केलंस. न विचारता त्याला टाळायला लागला असतास तर मला आवडलं नसतं.

आधी कॉम्पिटिशनचा हिशेब करू. जेईई मेनचा पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातली किती मुलं तुझ्या मागे किंवा बरोबरीला, हा ज्या शिफ्टला पेपर दिला त्या शिफ्टमधल्या मुलांवरून निघतो. एका शिफ्टला मुलं असतात लाखाच्या घरात. आता समज, हा तुझ्याच शिफ्टला आला आणि तू शिकवलंस म्हणून नेमका तुझ्या पुढे गेला. तुझं नुकसान किती? साधारण ०.००१ पर्सेंटाइल. उणेचं चिन्ह विसरून तू याच्या कितीतरी पट घालवतोस. टेस्टची शीट मी पाहिली आहे, बोलले नाही इतकंच.

वेळेचं मात्र तुझं म्हणणं अर्धं खरं आहे. पण तो वेळ त्याच्यामुळे जात नाही, तुझ्या सांगण्याच्या पद्धतीमुळे जातो. दिवाळीत तू घरी असताना त्याचा व्हिडिओ कॉल आला होता, आठवतं? ई रेज्ड टू एक्स गुणिले साइन एक्स. बिचाऱ्यानं दोनदा बाय पार्ट्स, म्हणजे गुणाकारातल्या एकाला पहिलं फंक्शन धरून तुकड्यांनी इंटिग्रेशन, करून शून्य बरोबर शून्य आणलं होतं. तू ‘अरे असं नाही’ म्हणून अख्खं गणित पहिल्या ओळीपासून सांगितलंस. त्यानं उतरवून घेतलं. तो कुठे अडला होता, हे ना त्याला कळलं ना तुला.

मी भाजी निवडत ऐकत होते. पहिल्यांदा त्यानं साइनला पहिलं फंक्शन धरलं आणि दुसऱ्यांदा ई रेज्ड टू एक्सला. म्हणजे पुढे टाकलेलं पाऊल त्यानं स्वतःच मागे घेतलं. दोन्ही वेळा निवड एकच ठेवली असती, तर मूळ इंटिग्रल उजवीकडे उणे होऊन परत आलं असतं, ते डावीकडे न्यायचं, दोनानं भागायचं, संपलं. तू फक्त ‘दुसऱ्यांदा पहिलं कुणाला धरलंस?’ एवढं विचारायला हवं होतं. अर्धा मिनिट. मग त्यानं कदाचित विचारलं असतं, की दोन्ही वेळा ई रेज्ड टू एक्सलाच पहिलं धरलं तर चालेल का? त्यावर तुलाही कागद घेऊन बसावं लागलं असतं. चालतं, पण तू ते कधी करून पाहिलंयस का?

अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात १९७०च्या दशकात उरी ट्राइसमन नावाच्या गणितवाल्यानं नेमकं हेच पाहिलं. कॅल्क्युलसमध्ये चिनी वंशाची मुलं पुढे का आणि कृष्णवर्णीय मुलं मागे का, याची घरची परिस्थिती, कमी आवड वगैरे ठरलेली कारणं लोक सांगायचे. तो मुलांबरोबर राहून बघू लागला. चिनी मुलं आधी एकटी गणितं सोडवायची, मग एकत्र जमून वह्या ताडायची, एकमेकांच्या चुका काढायची. दुसरी मुलंही मेहनत करत होती, पण अभ्यास एकट्यानं आणि मित्र वेगळे. मग त्यानं अवघड गणितं देऊन मुलांना एकत्र बसवायला सुरुवात केली आणि निकाल बदलले. यातला ‘आधी एकटी’ हा भाग नीट वाच. रूममेट कोरी वही घेऊन आला तर त्याला परत पाठव, खुशाल पाठव. चुकलेलं का असेना, काहीतरी लिहून आणलेलं हवं. आणि पेन त्याच्याच हातात राहू दे.

आता तुझं. ऑरगॅनिक केमिस्ट्रीचं तू सांगत नाहीस, पण मार्क सांगतात. रिअॅक्शन्स पाठ करतोयस ना? त्या मुलाचं ऑरगॅनिक चांगलं आहे असं तूच म्हणाला होतास, मग त्याच्याकडे जायला लाज कसली? हा प्रश्न घेऊन जा: टर्शरी ब्युटाइल ब्रोमाइडमध्ये सोडियम मेथॉक्साइड घातलं तर काय मिळेल? आमच्याकडे दरवर्षी अर्धा वर्ग ‘ईथर, विल्यमसन’ (ईथर बनवायची नेहमीची रिअॅक्शन) लिहून मोकळा होतो. त्या कार्बनला तीन मिथाइल चिकटलेत, ब्रोमीनच्या उलट बाजूनं, मागून शिरायला मेथॉक्साइडला जागाच नाही. मग ते बेससारखं वागतं, शेजारचा हायड्रोजन ओढतं आणि २-मिथाइलप्रोपीन मिळतं. ईथरच हवं तर जोडी उलटी घ्यायची, मिथाइल ब्रोमाइड आणि सोडियम टर्शरी ब्युटॉक्साइड. हे मी सांगितलं म्हणून पाठ करू नकोस. इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात, ते त्याच्यासमोर बाण काढून दाखव. बाण इलेक्ट्रॉन असतात तिथून निघतो. तू हायड्रोजनपासून काढतोस, तो धरेल तुला.

जेवणानंतर पाऊण तास ठरवून टाका, त्यातला निम्मा त्याचा, निम्मा तुझा. त्यापुढे कुणी दार वाजवलं तर उद्या.

मामा बुधवारी लातूरला येतोय, त्याच्याबरोबर शेंगाचटणी आणि कडक भाकरी पाठवतेय. बाबांनी तुझ्या चपलेचं माप विचारलंय, कळव. आणि बाणांवर त्यानं काय चुका काढल्या तेही सांग, आमच्या केमिस्ट्रीच्या मॅडमना दाखवायच्या आहेत.

तुझी,
आई