मुक्ताच्या पीएचडीबद्दल सुमनला पत्र

पुणे

प्रिय सुमे,

फोनवर 'सगळं बरंय' म्हणून मोकळी होतेस आणि मनातलं मात्र चार पानं भरून लिहितेस, ही तुझी खोड काही जायची नाही. पत्र दोनदा वाचलं. अनिकेतच्या एमडीचा प्रबंध कमी वजनाच्या बाळांवर, पुतणीची पीएचडी बँकांच्या थकीत कर्जांवर, हे तुला समजतं. मुक्ता मात्र म्हणतेय की मी महाभारताच्या पोथ्यांवर काम करणार, आणि तू विचारतेस, 'यातनं कुणाचं काय भलं व्हायचंय? तू इतकी वर्षं प्रबंधांच्या कपाटांत बसलीस, तूच सांग.'

कपाटांबद्दलच आधी सांगते. आमच्या ग्रंथालयाच्या विभागात येणाऱ्या प्रबंधांतला बराचसा माल कुठल्याही शाखेचा असो, टाकाऊ असतो. '... : एक चिकित्सक अभ्यास' अशी शीर्षकं वाचून वाचून माझे डोळे गेले. वाणिज्य शाखेत एका तालुक्यातल्या शंभर ग्राहकांना प्रश्नावली द्यायची आणि शेवटी 'ग्राहक समाधानी आहेत, पण सेवा सुधारायला वाव आहे' असं लिहायचं. मराठीत एका लेखकाच्या सगळ्या कथांचा सारांश लिहून त्याला समीक्षा म्हणायचं. वैद्यकातले प्रबंध पातळ, तक्ते रंगीत, आणि निष्कर्ष सुरुवातीलाच ठरलेला. वाङ्मयचौर्य शोधणारं सॉफ्टवेअर आलं, २०१८च्या नियमात दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालेल असं ठरलं, तेव्हापासून मुलं शब्द फिरवायला शिकली. तेव्हा कलेचं संशोधन फालतू आणि डॉक्टरकीचं उपयोगी ही तुझी वाटणी मला मान्य नाही. फालतूपणा सगळ्यांनी सारखा वाटून घेतलाय.

चांगलं काम कसं असतं म्हणशील तर मुक्ताच्या पोथ्यांपासूनच सुरू करते. लॉ कॉलेज रस्त्यावर भांडारकर संस्था आहे, आपण कॉलेजात असताना तिच्यावरून चालत जायचो आणि आत कधी डोकावलो नाही. तिथे १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे पोथ्या ताडून सगळ्यात जुना मजकूर ठरवणारी आवृत्ती, करायला घेतली ती १९६६ला पुरी झाली. सत्तेचाळीस वर्षं. १२५९ हस्तलिखितं पडताळली. काश्मीरची शारदा लिपी, नेपाळी, मैथिली, बंगाली, तेलुगू, ग्रंथ (तमिळ मुलखात संस्कृत लिहायची लिपी), मल्याळम. पुण्यात सगळ्या लिप्या वाचणारी माणसं कुठून आणणार? म्हणून शांतिनिकेतनात आणि तंजावरला वेगळी केंद्रं काढली. पद्धत अशी: एका कागदावर एक श्लोक वर अक्षर-अक्षर सुटं लिहायचा, खाली प्रत्येक पोथीला एक ओळ, आणि जिथे त्या पोथीत अक्षर वेगळं असेल तिथेच फक्त ते लिहायचं. असे हजारो कागद. आणि मग बसायचं ठरवत की जुनं कोणतं.

१९२५पासून हे काम विष्णु सीताराम सुकथनकरांकडे आलं. तुला आवडेल असं सांगते, हा माणूस केंब्रिजला गणित शिकला होता, संस्कृतकडे वळला तो नंतर बर्लिनमध्ये. त्यांनी नियम घालून घेतले. देशाच्या दोन टोकांच्या पोथ्या, समजा काश्मीरची आणि केरळची, ज्यांचा एकमेकींशी संबंध येणं अवघड, त्या एका पाठावर, म्हणजे त्याच शब्दांवर, जुळल्या तर तो पाठ जुना मानायचा. एका भागातल्याच पोथ्यांत असलेलं, बाकीच्यांत नसलेलं कितीही गोड असो, ते तळटीपेत किंवा परिशिष्टात. आता या नियमाने काय झालं बघ. व्यास सांगतात आणि गणपती लिहून घेतो, ही लहानपणापासून ऐकलेली गोष्ट आदिपर्वाच्या मूळ संहितेतून बाहेर गेली. सभापर्वात द्रौपदी कृष्णाचा धावा करते, तोही बाहेर; वस्त्रं पुरतात, पण कृष्ण पुरवतो असं तिथे नाही. (सभापर्व एका अमेरिकन पंडिताने, एजर्टननी संपादित केलंय, पण नियम तोच.) गणपतीच्या पुण्यात बसून गणपतीला परिशिष्टात पाठवायचं! वैयक्तिक श्रद्धा काय असेल ती असो, पोथ्या जे म्हणतात ते छापलं, आणि वगळलेलंही सगळं खाली छापलं, म्हणजे ज्याला पटत नसेल त्याने पुन्हा तपासावं. सुकथनकर १९४३च्या जानेवारीत गेले. मुंबईत महाभारतावर त्यांची व्याख्यानमाला चालू होती, तीन व्याख्यानं झाली होती, चौथं ज्या दिवशी द्यायचं त्याच दिवशी. पुढे बेलवलकर आणि वैद्य यांनी काम नेलं.

यातनं कुणाचं भलं झालं? कुणाचा ताप उतरला नाही, खरंय. पण आज महाभारताबद्दल कुणीही उठून 'असंच आहे' म्हणालं तर 'कुठल्या पोथीत?' असं विचारता येतं. मला हे फार मोठं भलं वाटतं. तुला वाटणार नाही कदाचित.

आता अनिकेतच्या बाजूला येते. तुमच्या चंद्रपूरच्या शेजारी गडचिरोलीत अभय आणि राणी बंगांनी जे केलं त्याची भाषणं तू ऐकली असशील, पण त्यांचा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला १९९९चा निबंध अनिकेतने नीट वाचला आहे का ते विचार. एकोणचाळीस गावांत गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं. त्या बाळंतिणीच्या घरी जायच्या, बाळाचं वजन घ्यायच्या, ऊब राखायला शिकवायच्या, आणि जंतुसंसर्ग दिसला तर जेंटामायसिनचं इंजेक्शन स्वतः द्यायच्या. गावातल्या बाईच्या हातात सुई देणं त्या काळी किती डॉक्टरांना रुचलं असेल, तू कल्पना कर. आधी हजारी बासष्ट नवजात बाळं दगावत होती, तिसऱ्या वर्षी ते प्रमाण साडेपंचवीसवर आलं.

पण मला त्या निबंधात जास्त भिडली ती दुसरी बाजू. शेजारच्या सत्तेचाळीस गावांत ही सेवा नव्हती, आणि तिथले जन्म-मृत्यूही तितक्याच काटेकोरपणे मोजले. तिथे आकडा साठच्या आसपास तसाच राहिला. ही सत्तेचाळीस गावं नसती तर कुणीही म्हणालं असतं, पाऊसपाणी चांगलं झालं, रस्ते झाले, म्हणून बाळं जगली. पुढे २०११ साली आशा कार्यकर्तीने घरी जाऊन नवजात बाळ तपासायचं असा देशभर कार्यक्रम आला, तो या पायावर. त्याच्याही आधी, १९८९ साली, राणीताईंनी दोन गावांतल्या बायका तपासून लिहिलं की ब्याण्णव टक्के बायकांना कसला ना कसला स्त्रीरोग आहे. तोवर ते कुणी मोजलंच नव्हतं. बायकांनी सांगितलं नव्हतं आणि डॉक्टरांनी विचारलं नव्हतं.

पैशाच्या शास्त्राची अडचण मात्र निराळी. तिथे देश अर्धा करून एका अर्ध्यात गरिबी ठेवू आणि दुसऱ्यात नको, असं करता येत नाही. डेक्कनवरच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास छापला. दिवसाला २२५० कॅलरी पोटात जायला माणशी किती खर्च लागतो हे राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवरून काढलं: १९६०-६१च्या भावाने खेड्यात महिना पंधरा रुपये, शहरात साडेबावीस. त्याच्या खाली खेड्यातली सुमारे चाळीस टक्के आणि शहरातली पन्नास टक्के माणसं. वाचताना गंमत वाटते की गरीब कोण हे ठरवायला अर्थशास्त्राला आहारशास्त्राकडे हात पसरावा लागला.

आणि तिथूनच भांडण लागलं. पां. वा. सुखात्मे, साताऱ्याकडचे, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत सांख्यिकीचे प्रमुख राहून पुण्यात परतलेले. ते म्हणाले, माणसाची गरज ही एक ठाम रेघ नसते, एकाच निरोगी माणसाचं खाणंही दिवसागणिक कमीजास्त होतं आणि शरीर सांभाळून घेतं. सरासरीखाली आला तो उपाशी असं कसं म्हणता? दांडेकर हटले नाहीत. दोघे एकाच शहरात राहून एकमेकांचं खोडून काढत होते, छापील कागदावर, आकड्यांनिशी. मला विचारशील तर त्यात दांडेकरांची बाजू मला जवळची वाटते, कारण शरीर सांभाळून घेतं हे खरं असलं तरी ते कशाच्या बदल्यात, हा प्रश्न उरतोच. पण सुखात्म्यांनी हरकत घेतली नसती तर ती रेघ निसर्गाने आखलीय असंच लोक धरून चालले असते. रेघ कुणीतरी ठरवून ओढलेली असते. तुझ्या पुतणीलाही हे सांग. नव्वद दिवस हप्ता थकला की कर्ज बुडीत धरायचं, ही बँकांची रेघही कुणीतरी ओढलेलीच आहे, आणि एकोणनव्वदाव्या दिवशी काय काय होतं तिकडे तिने बघावं. नुसते वार्षिक अहवालातले तक्ते उतरवू नयेत.

एका माणसाबद्दल सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. तू गणित शिकवत आलीस म्हणून मुद्दाम. दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्यात जन्म, हार्वर्डला शिक्षण, फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक, नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, तिकडे रोज डेक्कन क्वीनने जाऊन येऊन. या माणसाने तक्षशिलेची चांदीची आहत, म्हणजे ठसे ठोकलेली जुनी, नाणी एकेक करून तोलली. नाणं चलनात फिरलं की झिजतं, आणि सगळी सारखी झिजत नाहीत. तेव्हा वजनाची सरासरी किती उतरली आणि वजनांतला फरक किती वाढला यावरून कुठला गट जुना ते काढायचं. हे पडताळायला त्यांनी आपल्या काळातली चालू नाणीही तोलली! त्याच सुमारास, १९४४ साली, गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधलं अंतर काढायचं सूत्र लिहिलं, ते आजही 'कोसंबी'च्या नावाने जनुकशास्त्रात वापरतात. आणि १९४८ साली भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती, शेकडो पोथ्या पडताळून. नाणी, जनुकं, सुभाषितं. आता यांना कुठल्या कपाटात ठेवू? आमच्याकडे प्रत्येक ग्रंथाला एकच वर्गांक मिळतो.

तर मुक्ताचं. पैशाची काळजी तू लिहिली नाहीस, पण ती पत्रभर दिसते. नेटची परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर सुरुवातीला महिना सदतीस हजार मिळतात, शहरात राहून भागतं. ती नाही मिळाली तर मात्र सांगणं कठीण, आणि नोकऱ्यांचं काय ते तूही पेपरात वाचतेस. मी तुला खोटा दिलासा देणार नाही. पण तिने नोंदणीच्या आधी दोन गोष्टी कराव्यात. एक, देवनागरी सोडून निदान एक जुनी लिपी शिकावी, शारदा किंवा ग्रंथ. नाहीतर ती दुसऱ्यांच्या वाचनावर प्रबंध लिहील. दुसरं, मार्गदर्शक निवडताना त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, उघडून वाचावेत. फुकट आहेत, घरबसल्या दिसतात. दहा पानांत कळतं की विद्यार्थ्याला तपासून घेतलंय की नुसतं सहीपुरतं सोडलंय. मोठ्या नावाला भुलू नये.

दिवाळीनंतर तिला माझ्याकडे पाठव. खोली रिकामीच आहे. एखादी पोथी प्रत्यक्ष हातात घेऊन, दोन दिवस पाठभेद उतरवून बघू दे. कंटाळली तर आपोआप परत येईल आणि तुझा प्रश्न मिटेल. नाही कंटाळली तर तू तिच्या वाटेला जाऊ नकोस.

आणि अनिकेतला माझा एक निरोप दे. प्रबंध छान होईल, पण तुलनेसाठी धडधाकट वजनाची बाळं तो कुठून घेणार आहे? त्याच हॉस्पिटलातली असतील तर गावात घरीच जन्मलेली सुटली. याचं उत्तर त्याने मला लिहून पाठवायचंय, फोनवर नको.

तुझीच,
विजू

ता. क. भाऊजींचा गुडघा कसा आहे ते चार पानांत कुठेच नाही. ते आधी कळव.