फुलस्क्रीनमधून बाहेर यायचा रस्ता आधी दाखवा, मग मशीन विका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात हॅन्डहेल्ड गेमिंग पीसीबद्दल अधूनमधून येत असतं, प्रोसेसर कुठला, बॅटरी किती तास टिकते, गेम किती फ्रेमला पळतो, सगळं मी आवडीनं वाचतो. पण विकत घेतल्यावर लोक नेमके जिथं अडकतात त्याबद्दल एक ओळ कधी वाचल्याचं आठवत नाही, म्हणून हे पत्र. माझं सांगलीत विश्रामबागला कॉम्प्युटर-लॅपटॉप रिपेअरिंगचं दुकान आहे, हल्ली ही हातात धरून खेळायची मशीनं पण काउंटरवर यायला लागलीत, आणि त्यातली बरीचशी बिघडलेली नसतातच, फुलस्क्रीनमध्ये अडकलेली असतात. गिऱ्हाईक सांगतं "हँग झालंय", "टच गेलाय", "विंडोज उडालंय", आणि चालू करून बघावं तर एखादा गेम नाहीतर व्हिडिओ स्क्रीनभर पसरलेला, खाली टास्कबार नाही, वर क्रॉस नाही, आणि इथून बाहेर कसं पडायचं हे त्या पोराला कुणी सांगितलेलंच नाही.

आता मूळ भानगड कुठं आहे ती सांगतो. फुलस्क्रीनमधून बाहेर यायच्या जेवढ्या म्हणून युक्त्या आपल्याला माहिती आहेत, एस्केप, एफ इलेव्हन, ऑल्ट एंटर, ऑल्ट एफ फोर, सगळ्या कीबोर्डवरच्या. टेबलावरच्या कॉम्प्युटरला त्या पुरतात, कारण कीबोर्ड समोर असतोच. हॅन्डहेल्डला कीबोर्डच नाही, दोन बाजूला दोन काड्या (जॉयस्टिक) आणि बटणं, पण आत मात्र तोच पूर्ण कॉम्प्युटर. आसुसचा आरओजी अ‍ॅलाय जुलै २०२३ मध्ये भारतात आला तेव्हा त्याची किंमत ६९,९९० रुपये होती आणि त्यात विंडोज ११ आहे, ऑफिसातल्या पीसीवर असतं तेच. व्हॉल्व्ह कंपनीचा स्टीम डेक फेब्रुवारी २०२२ मध्ये निघाला, त्यात विंडोजऐवजी लिनक्सवरची स्टीमओएस ही सिस्टीम असते, तो निघाला तेव्हा भारतात मिळत नव्हता तरी कुणाचा मावसभाऊ अमेरिकेतून आणतो, कुणी मुंबईतून इम्पोर्टेड पीस घेतो, त्यामुळे सांगली-मिरजेत पण दिसतो. म्हणजे मशीन पोचलं पण ते वापरायचं कसं हे सांगणारा माणूस काही सोबत आला नाही.

एक केस सांगतो कारण तिचा मला अजून त्रास होतो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा, वडिलांनी हप्त्यावर घेऊन दिलेलं मशीन. ब्राउझरमध्ये लेक्चरचा व्हिडिओ मोठा केला आणि परत छोटा होईना, काडी फिरवली तर माउसचा बाण हलेना, बटणं दाबून काही होईना. तो एका दुकानात घेऊन गेला, तिथं फॉरमॅट मारून दिला आणि पैसे घेतले. मशीन चालू झालं, पण त्यातलं प्रोजेक्टचं काम गेलं, काही गेमचे सेव्ह गेले (सगळेच गेम क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवर कंपनीकडं, सेव्ह होत नाहीत, हे पण बऱ्याच जणांना माहिती नसतं). पुढच्या आठवड्यात परत तेच झालं तेव्हा तो माझ्याकडं आला. मशीनमध्ये काहीही खराब नव्हतं. कंट्रोल मोड गेमपॅडवर राहिला होता एवढंच. या मशीनला काडी कधी गेमची काडी असते आणि कधी माउस असते, मोड गेमपॅडवर असला की डेस्कटॉपवरचा बाण हलत नाही आणि माणसाला वाटतं की सगळं गोठलं. मोड डेस्कटॉपवर घेतला, उजव्या काडीनं बाण स्क्रीनच्या अगदी वरच्या कडेला नेला, गोल क्रॉस खाली आला, त्यावर क्लिक केलं, झालं. त्या पोराचा चेहरा बघवत नव्हता, कारण एवढ्याशा गोष्टीसाठी त्याचं सेमिस्टरचं काम पुसलं गेलं होतं. त्याच्याकडनं मी पैसे घेतले नाहीत, घ्यायचं कामच झालं नव्हतं.

म्हणून वाचकांना सरळ सांगतो, विंडोजवालं मशीन असेल आणि अडकलं असं वाटलं तर आधी घाबरू नका. व्हिडिओ असेल तर स्क्रीनला बोटानं एकदा टच करा, खाली उजव्या कोपऱ्यात छोटा चौकोन दिसतो, तो दाबला की व्हिडिओ छोटा होतो. तसं नाही झालं तर तीन बोटं स्क्रीनवर ठेवून खाली ओढा, विंडोज ११ मध्ये त्यानं डेस्कटॉप समोर येतो, आणि तीन बोटं वर ओढली की जेवढं काय उघडं आहे ते सगळं दिसतं. यासाठी सेटिंगमध्ये टचच्या पानावर तीन-चार बोटांच्या जेस्चरचं बटण चालू पाहिजे, ते आजच बघून ठेवा, अडकल्यावर बघायला जाता येत नाही. अ‍ॅलायवर स्क्रीनच्या डावीकडं कमांड सेंटरचं बटण असतं, कंट्रोल मोड तिथंच बदलतो. ऑनस्क्रीन कीबोर्डवर एफ इलेव्हन शोधत बसू नका, नेहमीच्या लेआउटमध्ये तो नसतोच. आणि यापेक्षा सोपं पाहिजे असेल तर घरात पडलेला कुठलाही यूएसबी कीबोर्ड आणि तो मशीनला जोडणारी टाइप सी ओटीजी पिन, एवढं जोडलं की एस्केपपासून सगळं हातात येतं, कुठल्याही मोबाइलच्या दुकानात ओटीजी मिळतो. जुने गेम हट्टी असतात, ते पूर्ण डिस्प्ले स्वतःकडं घेतात आणि बाहेर पडताना स्क्रीन दोन-चार सेकंद काळी होते, तेव्हा लगेच पॉवर बटण दाबून धरू नका, जरा थांबा. मग गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन फुलस्क्रीनच्या जागी बॉर्डरलेस (बिनकडेची खिडकी) करून ठेवा, दिसतं तसंच स्क्रीनभर आणि ये-जा सोपी होते.

स्टीम डेकचं वेगळं आहे. तिथं गेमिंग मोडमध्ये सगळंच फुलस्क्रीन असतं, गेमस्कोप नावाचा प्रोग्रॅम प्रत्येक गेमला जणू त्याची स्वतःची स्क्रीन देतो, त्यामुळे "खिडकी छोटी करा" हा प्रकारच तिथं नाही. बाहेर यायचं तर डावीकडचं स्टीम लिहिलेलं बटण दाबायचं, पॉवरमध्ये जायचं आणि स्विच टू डेस्कटॉप निवडायचं, परत यायला डेस्कटॉपवर रिटर्न टू गेमिंग मोडचा आयकॉन असतोच. गेम खरंच अडकला असेल तर स्टीम आणि बी दोन्ही दाबून धरा, गेम बंद होतो, पण सेव्ह न केलेलं जातं. स्टीम आणि एक्स दाबलं की कीबोर्ड येतो, स्टीम आणि डाव्या बाणाचं बटण म्हणजे एस्केप. आणि एक गोष्ट मला मनापासून आवडली, नुसतं स्टीमचं बटण दाबून धरलं की या सगळ्या जोड्यांची यादी स्क्रीनवर येते. हे ज्यानं कुणी ठरवलं त्यानं वापरणाऱ्याचा विचार केलाय. मात्र डेस्कटॉपवर असताना स्टीम हा प्रोग्रॅमच बंद केला तर तो कीबोर्ड येत नाही, तेवढं ध्यानात ठेवा.

ऑक्टोबर २०२५ मध्ये आरओजी एक्सबॉक्स अ‍ॅलाय आला, त्यात तर मशीन चालू झाल्या झाल्या एक्सबॉक्सची, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या गेमिंगची, फुलस्क्रीनच समोर येते, डेस्कटॉप लोडच होत नाही. त्याचा फायदा आहे, मेमरी वाचते आणि ती गेमला मिळते, मी त्याच्या विरोधात नाही. पण आता अख्खं मशीनच फुलस्क्रीनमध्ये जन्माला येतंय म्हटल्यावर बाहेरचा रस्ता माहिती असणं जास्तच गरजेचं झालं. तो सेटिंगमध्ये गेमिंगच्या पानावर फुलस्क्रीन एक्स्पिरियन्स नावानं आहे, चालू होताना त्यात जायचं की नाही ते तिथं ठरवता येतं. बाहेरून कीबोर्ड जोडला असेल तर विंडोजचं बटण आणि एफ इलेव्हन एकत्र दाबून आत-बाहेर करता येतं.

हे सगळं गेम खेळणाऱ्या पोरांपुरतं आहे असं कुणाला वाटेल. तसं नाही, आणि यासाठीच मी खरं तर लिहायला बसलो. फसवणारे लोक हाच फुलस्क्रीन वापरतात. ब्राउझरमध्ये कुठल्यातरी लिंकवर बोट पडतं आणि अचानक पूर्ण स्क्रीनभर लाल-निळा इशारा, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, बंद करू नका, या नंबरवर ताबडतोब फोन करा, वर कर्कश आवाज. तो खरा इशारा नसतो, ते नुसतं एक वेबपेज असतं जे फुलस्क्रीन झालेलं असतं. पीसीवर बसलेला माणूस एस्केप दाबून धरतो आणि सुटतो. हातात कीबोर्ड नसलेलं मशीन घेतलेल्या चौदा वर्षांच्या पोराला तो सुटायचा रस्ता माहितीच नाही, त्याला दिसतो फक्त तो फोन नंबर, आणि तो आईच्या मोबाइलवरनं फोन लावतो. पलीकडचा माणूस गोड बोलून रिमोटचं अ‍ॅप टाकायला लावतो आणि पुढं काय होतं ते तुम्ही रोज छापताय. एक आई अशीच माझ्याकडं मशीन घेऊन आली होती, फोन लावायच्या आधी आली म्हणून वाचली. कुणी आधीच फोन लावून पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच कळवा, जेवढा उशीर तेवढे पैसे परत मिळणं अवघड.

माझं म्हणणं एवढंच आहे की कंपन्यांनी डब्यात जी कागदाची घडी टाकलेली असते त्यावर वॉरंटीच्या बारीक अक्षरांच्या आधी, मोठ्या टायपात, बाहेर कसं यायचं ते छापावं, मराठीत छापलं तर फारच उत्तम. सत्तर हजार घेताय तर एक पान छापायला काय जातं? विकणाऱ्या दुकानदारांनी डबा उघडून देताना गेम चालू करून दाखवतात तसा बंद करून, डेस्कटॉपवर येऊन पण दाखवावा, पाच मिनिटांचं काम आहे. आणि माझ्याच धंद्यातल्या भावांना हात जोडून सांगतो, समोर स्क्रीन अडकलेली दिसली की पेनड्राइव्ह काढून फॉरमॅट मारू नका, आधी कीबोर्ड लावून बघा, एस्केप दाबून बघा, डेटाचं विचारा. गिऱ्हाइकाला त्यातलं कळत नाही म्हणूनच ते आपल्याकडं येतं.

तुम्हाला विनंती अशी की गॅजेटच्या पानावर एक छोटी चौकट या विषयावर द्या, पुढच्या रिव्ह्यूमध्ये पण या मशीनच्या फुलस्क्रीनमधून बाहेर कसं यायचं हे एक वाक्य असू द्या, फ्रेम रेटच्या आकड्यांशेजारी. मजकूर पाहिजे असेल तर मी लिहून देतो, बटणांचे फोटो काढून देतो, दुकानात सध्या दोन्ही प्रकारची मशीनं आहेत.

आपला,
एक वाचक आणि कॉम्प्युटर दुरुस्ती करणारा,
विश्रामबाग, सांगली