सीटखालची तार

कोलंबस, ओहायो
१९ मे

प्रिय बाळ्या,

आठ महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही, तुझे दोन फोनही उचलले नाहीत. तब्येत बरी, गोळ्या चालू, आईचा गुडघा तसाच. ते राहू दे. शनिवारी जे झालं ते इथे सांगायला कुणी नाही. सुनीताला सांगितलं तर म्हणाली, "लागलं नाही ना? मग झालं." तिचंही बरोबर आहे. तिने दिनूला दोन हातांचा कधी पाहिलेलाच नाही.

आमचं अंगण पाऊण एकराचं. मे महिन्यात गवत असं माजतं की आठवडा चुकला तर घोट्याला लागतं. म्हणून बसून चालवायचा मोअर घेतलाय, मागे दोन पिशव्यांचा बॅगर. पोटाखाली पाती फिरतात, त्यांच्याच वाऱ्याने कापलेलं गवत उजव्या अंगाच्या जाड प्लॅस्टिकच्या नळीतून वर चढतं आणि मागे पिशव्यांत पडतं. तू म्हणणार, एवढा हिरवा चारा आणि दावणीला एक म्हैस नाही! खरं सांगतो, पिशवी उपडी करताना दर वेळी तुमची चंद्री आठवते. तिने एका बैठकीत संपवला असता ढीग.

तर या मशीनच्या सीटखाली एक स्विच असतो. पाती चालू असताना माणूस उठला की इंजिन बंद, पाती बंद. आमचा स्विच म्हातारा झाला होता. खड्ड्यातून गेलं, जरा उसळलो, की मशीन ठप्प. पुन्हा किल्ली, पुन्हा सुरुवात. एप्रिलमध्ये वैतागून मी त्याच्या दोन टोकांना तार जोडून टाकली. आता मशीनच्या हिशेबी माणूस कायम बसलेलाच. पाच मिनिटांचं काम, आणि मला त्याचा अभिमान वाटला होता, बाळ्या.

शुक्रवारी रात्रभर पाऊस. ओलं गवत कापू नये हे पक्कं ठाऊक होतं, पण रविवारी पाहुणे यायचे होते. अर्ध्या अंगणात मागे गवताची रांग सांडायला लागली. पिशव्या भरल्या तरी असंच होतं, नळी तुंबली तरी असंच. पिशव्या तर अर्ध्याच होत्या. मी उतरलो, नळी खालून सुटी केली आणि वाकलो. उतरलं की पाती थांबतात, ही सहा वर्षांची अंगवळणी पडलेली गोष्ट. इंजिनाचा आवाज कानावर येत होता, डोक्यात शिरत नव्हता. पाती बंद करायचा पिवळा नॉब हातभर लांब होता, तो दाबला नाही.

तोंडाशी गवताचा बोळा बसला होता, हिरवागार, कोमट, पुरणासारखा घट्ट. बोटं खुपसून ओढला. तो निखळला आणि हाताला वारा लागला. हात मागे घेतला तेव्हा मधल्या बोटावरच्या चामड्याच्या हातमोज्याचं टोक नव्हतं. आत बोट होतं. अख्खं. नखाला ओरखडा नाही. या पात्यांच्या टोकाचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या घरात असतो. मी तिथेच ओल्या गवतात बसलो आणि मला तुमचं खळं दिसलं.

२००४ ची ती दुपार. शाळूच्या कडब्याची पेंढी अडकते म्हणून तू कुट्टीच्या तोंडावरचं झाकण काढून ठेवलं होतंस. रोलरने पेंढीबरोबर दिनूचा हात ओढला. आणि बार्शीच्या दवाखान्याच्या आवारात, काकांच्या देखत, मी तुला म्हणालो, "हात तू तोडलास." तू मान खाली घालून उभा होतास. पुढे दोन दिवाळ्या मी तुमच्या दारात आलो नाही. मी शिकलेला, मला यंत्रातलं कळतं, असं होतं तेव्हा. काम अडतं म्हणून तू झाकण काढलंस. काम अडतं म्हणून मी तार जोडली. तुझ्यामागे तर पाच जनावरं आणि डोक्यावर आलेला वळीव होता. माझ्यामागे फक्त पाहुणे.

ते वाक्य मी परत घेतो. वीस वर्षं उशिरा, पण घेतो.

रविवारी तार उपटून फेकली, नवा स्विच मागवला. तो येईपर्यंत गवत गुडघ्याएवढं झालं तरी चालेल. सुनीतालाही नीट दाखवलंय: आधी नॉब, मग इंजिन बंद, किल्ली खिशात, पाती ठार थांबेपर्यंत उभं राहायचं, आणि नळीत हात नाही, दांडकंच. पातं काढायचं असेल तर प्लगची वायरही सोडवायची. मागच्या उतारावर जाण्याआधी पिशव्या रिकाम्या करायच्या, कारण ओल्या गवताच्या वजनाने पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. पिशवीच्या जाळीत भुसा बसला की वारा कोंडतो आणि नळी तुंबते, ते मी कधी झाडलंच नव्हतं. आणि काम झाल्यावर गवत पिशवीत ठेवायचं नाही. ओली गंजी आतून कशी तापते ते तुला मी काय सांगू, तुमची वैरण पेटली तेव्हा बादल्या आपणच ओतल्या होत्या.

दिनूला हे सांगावं की नाही, तीन दिवस ठरत नाही. सांगितलं तर त्याला वाटेल, याचं बोट वाचलं तेव्हा याला आठवण झाली. तसं आहेही. तू ओळखतोस त्याला. तू म्हणशील तसं करतो.

रेश्माचं लग्न ठरल्याचं दादाकडून कळलं, फार आनंद झाला. तारीख कळव, मी येतोच. बोअरला पाणी लागलं का?

आणि एक. नवीन कुट्टी घेतलीस म्हणे. तिच्यावर झाकण आहे ना? रागावू नकोस. असेल तर फोटो पाठव. नसेल तरी पाठव.

तुझा,
सुध्या