इंजिन उतरवलंय, पण काळजी करू नका

कॉव्हेंट्री

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

दादाकडून कळलं की माझ्या जुन्या फेरारीच्या दुरुस्तीसाठी बाबा बँकेत जाऊन एफडी मोडायची चौकशी करून आले. बाबा, तसलं काही करायचं नाही. ते पैसे तुमच्या दोघांच्या दुखण्याखुपण्यासाठी आहेत. फोनवर आईचा आवाज भरून येतो आणि तुम्ही गप्प होता, म्हणून लिहूनच कळवते.

गॅरेजला मी होकार दिलाय. पूर्ण काम करून घेणार. साडेनऊ हजार पौंड, म्हणजे आपले अकरा लाखांच्या आसपास. आकडा मोठा आहे. पण तो माझ्या बोनसमधून जातोय. घराचा हप्ता, तुमचा मेडिक्लेम, कशालाच हात लागलेला नाही. नीरजशीही बोलून झालंय.

दापोडीच्या वर्कशॉपमध्ये उभा जन्म काढलेल्या माणसाला नुसतं ‘काम निघालंय’ सांगून भागायचं नाही, म्हणून नीट सांगते. गाडी १९९८ची, फेरारी ३५५. साडेतीन लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, दर सिलिंडरला पाच वॉल्व्ह, त्यावरून ३५५. इंजिन सीटच्या पाठीमागे. टायमिंगला, म्हणजे वॉल्व्ह वेळेवर उघडायला-मिटायला, चेन नाही, रबरी बेल्ट आहेत, आणि ते बदलायला हात घालायला जागाच नाही. गाडी लिफ्टवर चढवायची आणि इंजिन, गिअरबॉक्स, मागची फ्रेम सगळं एकत्र खाली उतरवायचं. चालत्या इंजिनात बेल्ट तुटला तर वॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात, पुढचं तुम्हाला सांगायला नको. गाडी कितीही कमी चाललेली असो, रबर वयानेच जातं.

घेण्याआधी मी सगळं बघून घेतलं होतं. आठही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं, चॅसीला मार नाही, एमओटी, म्हणजे इथलं पासिंग, ताजं. पण पासिंगला बेल्ट कोण उघडून बघतो? सर्व्हिस बुकात शिक्के होते, बेल्टचं बिल नव्हतं, म्हणून तो खर्च धरूनच मी भाव पाडला होता. बाकीचं निघालं ते इंजिन खाली आल्यावर. बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरचं बेअरिंग मी स्वतः बोटाने फिरवून पाहिलं, खरखर लागत होती. पाण्याचे होज दाबले की चिरा उघडायच्या. इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर, एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, पत्र्याचं आवरण असतं. ते काढलं तेव्हा वेल्डच्या कडेला केसाएवढी भेग आणि तिच्यातून निघालेली काजळीची रेघ दिसली. बाहेरून ती कुणालाच दिसली नसती. यात गाडीला तरी काय बोलायचं? इतकी वर्षं बहुतेक नुसती उभी होती बिचारी.

आई, तुला आगीची धास्ती आहे ना? पेट्रोलचे सगळे होज नवे टाकायला सांगितलेत, गळत नव्हते तरी. ते काम मी यादीत पहिलं लिहून दिलं.

आतली बटणं वयाने चिकट झालीत, वरचा लेप विरघळून बोटांना काळं लागतं. एका रविवारी स्पिरिट लावून पुसत बसले होते. बाबा, तुम्ही रॉकेलच्या वाटीत स्कूटरचे जेट धुवायचात आणि मला पाटावर बसवून वॉशर मोजायला द्यायचात. एखादा हरवला तरी ओरडायचा नाहीत, बॅटरी घेऊन माझ्याबरोबर पलंगाखाली शिरायचात. ही आवड माझ्यात दुसरीकडून कुठून येणार होती?

विकून मोकळी हो, असं दादा म्हणतो. उघडलेल्या इंजिनाची गाडी इथे कुणी धड भावाने घेत नाही. काम झालेली, बिलांची फाइल असलेली असेल तर पैसे बऱ्यापैकी सुटतात. पण खरं सांगू? मला ती विकायचीच नाही. इतकी वर्षं हिशेबाने राहिले, ही एक हौस मला पुरी करू द्या.

आता जे लिहायला जड जातंय ते. यंदा दिवाळीला येत नाही. दोन्ही खर्च एकाच महिन्यात ओढायचे नाहीत म्हणून येणं फेब्रुवारीवर ढकललंय. पण तेव्हा चांगले तीन आठवडे राहीन, दिवाळीत जेमतेम दहा दिवस मिळाले असते. बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशनही मी असतानाच करू, ड्रॉप घालायला मी आहे. आई, रागावू नकोस ग. भाऊबीजेला दादाला व्हिडिओ कॉलवर ओवाळीन, तू तबक धर.

आणि ऐका. चकल्या विकत आणायच्या. गुडघे धरून गॅसपुढे उभं राहायचं नाही. माळ्यावरचे डबे दादा आल्यावरच काढायचे, बाबांनी स्टुलावर चढायचं नाही. नवा गीझर आठवड्याभरात येईल, बसवणाऱ्याला अर्थिंग तपासायला लावा. बाथरूममधला दांडाही त्याच दिवशी बसवून घ्या, ‘बघू’ म्हणू नका. बीपीची गोळी चहाआधी. आईची शुगर सोमवारी उपाशीपोटी तपासायची आणि रिपोर्ट मला व्हॉट्सअॅपवर पाठवायचा, नॉर्मल आला तरी.

तुमची,
चिमी