शब्द कुठून फोडायचा

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या वहीचा फोटो पाहिला. 'डिसअपिअर'मध्ये एस दोन आणि पी एक! बाईंच्या लाल गोलाखाली तू बारीक अक्षरात लिहिलंयस, "हे मला कधीच लक्षात राहणार नाही." राहील गं. ९ अक्षरं एका दमात घोकतेस, म्हणून घोळ होतो. आधी शब्द फोड. 'अपिअर' म्हणजे दिसणं, त्यात पी दोन. त्याच्यापुढे 'डिस' लागला. 'डिस'चा एस एकच, मग दुसरा येणार कुठून? 'डिससॅटिस्फाइड'मध्ये मात्र दोन, कारण 'सॅटिस्फाइड' स्वतःचा एस घेऊन येतो. 'मिसस्पेल'चंही तसंच. स्पेलिंग चुकवणं असा अर्थ असलेला हा शब्दच लोक सर्रास चुकवतात. मीही चुकवलाय, तोही ऑफिसच्या पत्रात.

पण फोड दोन तऱ्हांची असते. 'हिमालय' म्हणून बघ. तोंडात येतं हि-मा-लय, आणि संधी सोडवली की हिम अधिक आलय. 'हेलिकॉप्टर'चंही तेच. हनुवटीखाली हात धरून सावकाश म्हण: हे-लि-कॉप-टर. हनुवटी चारदा खाली येते. अर्थाचे तुकडे मात्र दोनच, दोन्ही ग्रीक: 'हेलिको' म्हणजे मळसूत्रासारखा पीळ आणि 'प्टर' म्हणजे पंख. हाच पंख तुझ्या लाडक्या 'टेरोडॅक्टिल'ला आहे (तो डायनासोर नव्हे, हे तूच मला सुनावलं होतंस). 'डॅक्टिल' म्हणजे बोट. झाला की नाही पंखबोट्या! तिथे सुरुवातीचा पी गप्प बसतो, हेलिकॉप्टरमध्ये 'कॉप'ला चिकटून बोलतो.

वाचताना अडलीस तर हनुवटीची फोड, लिहिताना अडलीस तर अर्थाची. तुझ्या मैत्रिणीचं 'टू-गेट-हर' स्पेलिंगपुरतं झकास आहे. 'टुगेदर'च्या अर्थाशी त्याचा काडीचा संबंध नाही, पण चालू दे. फक्त 'अंकल'मध्ये 'अन' शोधू नकोस. तो काढल्यावर जे 'कल' उरतं, त्याला इंग्रजीत काही अर्थच नाही.

सोबतच्या कागदावर ४५ अक्षरांचा एक शब्द लिहिलाय. बारीक धूळ श्वासातून जाऊन होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचं ते नाव. 'अल्ट्रा', 'मायक्रो', 'व्होल्कॅनो' तुला लगेच सापडतील. उरलेले तुकडे पाडून कळव. मी 'कोनि'पाशी अडलो होतो.

तुझा,
बाबा