फोन बदलण्याआधी नेटवर्क तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मिरज हे दवाखान्यांचे गाव. इथल्या लहान रुग्णालयांच्या आणि शाळांच्या टेलिफोन-नेटवर्कची देखभाल मी करते. संस्थेतले फोन एकमेकांना आणि बाहेर जोडणारी जुनी ईपीएबीएक्सची पेटी काढून तेच काम करणारे, लिनक्स या संगणकप्रणालीवर चालणारे ‘अ‍ॅस्टरिस्क’ बसवणाऱ्या संस्था आता बऱ्याच दिसतात, आणि मला त्याचा आनंद आहे. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेले हे सॉफ्टवेअर मुक्त आहे, त्याला परवान्याचे पैसे पडत नाहीत. संस्था पैसे मोजते ते बसवणाऱ्याच्या कसबाचे. ते कसब अपुरे असले तर भुर्दंड संस्थेला बसतो, म्हणून हे पत्र.

एका धर्मादाय रुग्णालयात अ‍ॅस्टरिस्क वेगळ्या संगणकावर नीट चालले होते. पुरवठादाराने ते नव्या सर्व्हरवर, व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकात) हलवले आणि तक्रारी सुरू झाल्या. घंटी वाजे, फोन उचलला जाई. बाहेरून फोन करणाऱ्या नातेवाइकाचे बोलणे नर्सला ऐकू येई, पण नर्सचे बोलणे त्याच्यापर्यंत पोचत नसे. वॉर्डातून बाहेर लावलेला फोन अर्ध्या मिनिटात तुटे. पुरवठादाराचे निदान असे, की जुने फोन नव्या सर्व्हरला चालत नाहीत, सगळे बदला. विश्वस्त कोटेशनवर सही करायच्या बेतात होते. आयसीयूबाहेर ताटकळणाऱ्या माणसांच्या देणग्यांतून उभा राहिलेला तो पैसा होता, याचा मला फार राग आला.

फोनमध्ये काहीच बिघाड नव्हता. लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन तयार केले की ते बहुधा १९२.१६८.१२२ ने सुरू होणाऱ्या, सर्व्हरच्या पोटातल्या खासगी जाळ्यात जाते. वॉर्डातले फोन मात्र १९२.१६८.१ च्या जाळ्यात. पुरवठादाराने सर्व्हरवरून फक्त ५०६० हे पोर्ट, म्हणजे त्या क्रमांकाचे दार, आत वळवले होते. त्या वाटेने ‘फोन आलाय, उचला’ एवढाच निरोप जातो. आवाज आरटीपी या पद्धतीने, माहितीच्या वेगळ्या छोट्या पाकिटांतून, सेकंदाला साधारण ५० पाकिटे, निराळ्या पोर्टांवरून जातो. आवाज कुठे पाठवायचा, तो पत्ता त्या निरोपाच्या आत लिहिलेला असतो. टपालात पाकिटावरचा पत्ता खोडून नवा घालावा, पण आतल्या चिठ्ठीत ‘उत्तर जुन्या पत्त्यावर धाडा’ हे तसेच राहावे, तसे हे झाले होते. वॉर्डातला फोन इमानाने १९२.१६८.१२२ वाल्या पत्त्यावर आवाज पाठवत होता आणि त्या पत्त्याकडे जाणारी वाट राउटरला ठाऊकच नव्हती. तुटणाऱ्या कॉलचे कारणही हेच. ‘जोडले गेलो’ याची पोच त्याच हरवलेल्या पत्त्यावर जाई, आणि ३२ सेकंद वाट पाहून अ‍ॅस्टरिस्क कॉल बंद करी.

हे शोधायला महागडे यंत्र लागत नाही. अ‍ॅस्टरिस्कच्या कन्सोलवर आरटीपी डिबग, म्हणजे आवाजाच्या पाकिटांची ये-जा दाखवणारी सोय, चालू केली. फोनकडे पाकिटे गेल्याच्या ओळी धडाधड येत होत्या, फोनकडून आल्याची एकही नव्हती. सर्व्हरवर टीसीपीडम्प हे नेटवर्कवरची पाकिटे दाखवणारे साधन लावल्यावर बाकीचे उघड झाले.

उपाय ब्रिजचा. सर्व्हरच्या नेटवर्क कार्डावर लिनक्सचा ब्रिज, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला बाहेरच्या जाळ्याशी थेट जोडणारा सॉफ्टवेअरचा पूल, बांधायचा, सर्व्हरचा आयपी पत्ता कार्डावरून ब्रिजवर न्यायचा आणि व्हर्च्युअल मशीन त्या ब्रिजला जोडायचे. मग अ‍ॅस्टरिस्क वॉर्डातल्या फोनांच्याच जाळ्यात, स्वतःच्या पत्त्याने उभे राहते. फोनांमध्ये तो नवा पत्ता भरला आणि तेच जुने फोन दोन्ही बाजूंनी बोलू लागले. हे काम सर्व्हरपाशी बसूनच करावे; दुरून करताना पत्ता हलवला की आपणच बाहेर फेकले जातो. सर्व्हर वायफायने जोडलेला असेल तर हा ब्रिज सहसा चालत नाही, कारण अ‍ॅक्सेस पॉइंट अनोळखी मॅक पत्त्याची (नेटवर्क कार्डाच्या ओळख-क्रमांकाची) पाकिटे स्वीकारत नाही. त्याच सर्व्हरवर डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारे सॉफ्टवेअर) असेल तर त्याच्या फायरवॉल नियमांत ब्रिजवरची पाकिटेही अडकू शकतात. हे ठाऊक नसले की ‘ब्रिज बरोबर बांधला, तरी बंद’ असे म्हणत माणूस रात्रभर बसतो.

ब्रिजने आतला प्रश्न सुटतो, बाहेरचा उरतो. सेवा कंपनीकडे जाणाऱ्या कॉलसाठी अ‍ॅस्टरिस्कला आपला बाहेरचा पत्ता आणि आतले जाळे कोणते हे स्पष्ट सांगावे लागते. राउटरमधले ‘सिप एएलजी’, म्हणजे फोनच्या निरोपांतले पत्ते आपणहून बदलणारी सोय, बंद करावे. मदतीसाठी दिलेली ती सोय पत्ते अर्धवट बदलून घोळच अधिक घालते. आणि ५०६० पोर्ट सगळ्या इंटरनेटला उघडे टाकू नये. सोपा पासवर्ड शोधून परदेशी कॉल लावणारे टपलेले असतात आणि बिल संस्थेच्या नावावर येते.

संस्थाचालकांना माझी विनंती आहे, की शेवटचा हप्ता देण्याआधी पुरवठादारासमोर स्वतः फोन लावून पाहा : वॉर्डातून वॉर्डात, आतून बाहेर आणि बाहेरून आत. प्रत्येक कॉलवर मिनिटभराहून जास्त बोला आणि दोन्ही टोकांना माणूस उभा करा. नुसती घंटी वाजली म्हणून समाधान मानू नका. व्हर्च्युअल मशीनचा पत्ता, ब्रिज कोणत्या कार्डावर आहे, आवाजासाठी कोणती पोर्टे ठेवली आहेत (नमुना फाइलमध्ये १०००० ते २०००० असतात) आणि सर्व्हरचा पासवर्ड हे सारे लिहून घ्या व कार्यालयाच्या कपाटात ठेवा. पुरवठादार पासवर्ड द्यायला नकार देत असेल तर हप्ता रोखून धरा.

आपली,
एक नेटवर्क तंत्रज्ञ, मिरज