एवढी हॉटेलं चालणार कशी?

संपादक साहेब,
बाणेर-बालेवाडीत सारखं नवीन रेस्टॉरंट उघडतंय, बोर्ड नीट वाचून होत नाही तोवर शटर खाली आणि त्याच गाळ्यात दुसरंच नाव. 2017 ला 11 आणि 2021 ला 23 गावं मनपात आली, पुणं वाढलंय हे मान्य, पण शनिवार-रविवारची गर्दी बघून हॉटेल टाकायचं नि मंगळवारी दुपारी रिकामी टेबलं पुसत बसायचं, वर गाळ्याचं भाडं, डिलिव्हरी ॲपचं कमिशन, आचारी टिकत नाहीत, उन्हाळ्यात टँकर... परवडणार कसं? आमच्या सोसायटीसमोरचं थालीपीठवालं आठ महिन्यांत गेलं (चव मस्त होती हो!). मोमो मात्र चारी कोपऱ्यांवर. परवाना देताना पार्किंग कुठे, पाणी कुठून आणणार एवढं तरी विचारा की राव.

- एक खवय्या, बाणेर